आजोबांची पायपीट आणि माझा निबंध

निबंध लिहिण्यात माझा हात धरणारा अख्ख्या साकोली तालुक्यात कोणी नव्हता! त्यामुळे २००६ साली एम. ए.च्या वर्गात रत्नमाला मॅडमनी 'आपलं गाव आणि धम्मदीक्षा' हा विषय दिला, तेव्हा मी तो एका बैठकीत उरकला. पहिलंच वाक्य दणदणीत: 'माझे आजोबा चिंधू १९५६ साली एकोडीहून पायी नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन आले.'

निबंध परत आला. समासात लाल शाईत: 'कशावरून?'

मी लिहिलं, 'सर्वांना माहीत आहे.' परत! 'सर्व म्हणजे कोण?' मी लिहिलं, 'वडील सांगतात.' परत! 'वडील तेव्हा किती वर्षांचे होते?'

बाबा तेव्हा तीन महिन्यांचे होते!

आता मलाही चेव आला. वही घेऊन गावातली अकरा म्हातारी माणसं गाठली. दीक्षेला गेलेले बहुतेक जण केव्हाच वारले होते. अकरावे होते आमच्या शेताशेजारचे धनीरामबाबा.

"चिंधू? नागपूरले?" ते हसले. "अरे, त्या आठोड्यात आमी दोघं धानाच्या बांधीत बसून डुकरं हाकलत होतो ना बाप्पा!"

वाटेत भेटेल त्याला सांगत मी आनंदाने घरी आलो. पुरावा मिळाला होता! तो आपल्याच आजोबांच्या विरुद्ध आहे, हे निबंध लिहून झाल्यावर ध्यानात आलं. तोवर बातमी चावडीवरून विहारापर्यंत पोचली होती.

विहारात दीक्षेच्या पन्नासाव्या वर्षासाठी दगड बसणार होता. त्यावर एकोडीतून नागपूरला गेलेल्यांची नावं कोरायची होती. यादीत पहिलं नाव आमच्या आजोबांचं! बाबांनी त्या दिवसासाठी पांढरा सदरा शिवून आणला होता. संध्याकाळी समितीचे अंकुशभाऊ दारात उभे.

"आनंदराव, राग नोका मानू. तुमचा अश्वजितच गावभर सांगून राहिला. आता नाव कसं टाकू?"

बाबा माझ्याकडे वळले. "काहून रे? तुले का कमी केलं होतं मी?"

मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला निबंधासकट पोटात घ्यावं! नाव गेलं. बाबांनी माझ्याशी बोलणं सोडलं. सदरा पेटीत गेला.

आठ दिवसांनी दगड आला. त्या दिवशी बाबांनी दोन घासांवरच भाताचं ताट सरकवून दिलं.

"का झालं?" धुरपता आजीने विचारलं. तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं! मी खाली मान घालून सगळं सांगितलं.

"मंग बरोबरच हाय," आजी म्हणाली. "तो कुठी गेला होता? मी गेली होती."

"तू?" बाबा आजीकडे वळले.

"पयल्या बाळंतपणाले मी कोंढ्याले मायरी होती ना. माय म्हने, चाल. अर्धी वाट बैलबंडीत, अर्धी पायी. तूबी होता आनंदा, माह्या कडेवर. दिवसभर रडला तू तिथं."

"अन् माहा बाप काहून सांगे का तो गेला म्हणून?" बाबांनी विचारलं.

"मी येऊन त्याले सारं सांगितलं. मंग तोच सांगाले लागला. सांगताना लय खुश दिसे तो. म्हनलं, सांगू दे."

"पण तू आम्हाले काहून नाही सांगितलं?"

"कोनी इचारलं का मले?"

अकरा माणसं गाठली होती मी! रोज माझ्या ताटात भात वाढणारी बाई तेवढी राहून गेली होती. मला माझीच लाज वाटली.

बाबा तसेच, उष्ट्या हाताने, विहाराकडे धावले. मी मागे. अंकुशभाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दगडावर सतरा नावं होती. सगळी पुरुषांची. जागा बोटभरही नव्हती.

"आनंदराव, तुमी अन् तुमची माय कोंढ्याहून गेले ना?" ते म्हणाले. "मंग तुमचं नाव कोंढ्याच्या दगडावर पायजे! हा एकोडीचा हाय."

बाबा विहाराच्या नळावर हात धुऊन घरी आले.

निबंधाला दहापैकी नऊ मिळाले. घरी मी कोणाला सांगितलं नाही.