पाळण्यावरील सहीचा तंटा

श्रीगजानन सावध असो. धनीसाहेबांचे सेवेसी लिहिणाराचा दंडवत. आज्ञा जाहली की, परमुलखीच्या गिऱ्हाइकाशी पाळण्यावरून तंटा पडला तो कैसा पडला आणि कैसा मिटला ते खरे खरे लिहावे, पदरचे घालू नये. तर पदरचे फार घातले नाही. थोडे घातल्यावाचून हकिकतीस चव येत नाही, त्याची माफी असावी. शके एकोणीसशे शेहेचाळीस, संवत्सराचे नावच क्रोधी, तेव्हा भांडण होणे प्राप्तच होते.

ते समयी दक्षिणेस लाल मातीच्या मुलखात लाखकामाची एक दौलत होती. दौलत म्हणजे पुढे दुकान, मागे पडवी, पडवीत रंधा, कानस आणि रंगीत लाखेच्या कांड्या, इतकेच. पण डौल मोठा. त्या दौलतीत भागीरथीबाई चितारी पाळणे करीत आणि त्यांचे हातच्या पाळण्यास दूरदूरचे बोलावणे असे. आणि मौज ऐकावी, की हात बाईंचा आणि नाव पुरुषांचे. पाटीवर आधी सासऱ्यांचे नाव होते, मग यजमानांचे जाहले, आणि यजमान वारले तेव्हा दीर जगन्नाथराव कारभारी होऊन त्यांचे लागले. बाईंचे नाव कोठे म्हणाल तर रेशनकार्डावर. बाई कधी बोलल्या नाहीत, पण मनात सल होता, आणि का नसावा? जन्मभर राबावे आणि नावाचा पत्ता नाही, हा कोठला न्याय!

मग ऐसे वर्तमान जाहले की, उत्तरेच्या मुलखी गिरिजाशंकर मिसिर म्हणून गृहस्थ, त्यांचे कन्येस कन्यारत्न जाहले, आणि त्यांनी नातीसाठी पाळणा मागविला आणि मोल आगाऊ पोहोचविले. पाळणा पेटीत बसून रवाना जाहला. पुढे थोडे दिवसांनी मोबाईलवर खलिता आला की, "पालना सही नहीं है।" आता उत्तरेच्या बोलीत सही म्हणजे नीट, आणि आपल्यांत सही म्हणजे कागदावर नाव ओढणे. पाळणा टांगला की डोक्याकडे कलंडत होता, इतकेच मिसिर सांगत होते. परंतु दौलतीत हिंदीचा कारभार जगन्नाथरावांकडे, आणि त्यांची हिंदी म्हणजे मराठीच, शेवटी 'है' लावलेली. त्यांनी खलिता वाचला आणि म्हणाले, "वहिनी, बिलावर सही राहिली." आणि ऐटदार सही ठोकून नवे बिल धाडिले.

मग दुसरा खलिता आला की, "हमने बहुत चेष्टा की, फिर भी पालना सही नहीं हुआ।" त्या मुलखी चेष्टा म्हणजे खटपट, हे कोण सांगणार? बाईंच्या अंगाचा तिळपापड जाहला. "चेष्टा करतो आणि वर तोंडाने सांगतो? लाज नाही मेल्याला!" मग मिसिर यांनी कंटाळून पाळणाच परत लोटला आणि सोबत लिहिले की, "सही करके लौटाइए।" तेव्हा बाईंनी खलिता हाती घेतला. मग हळूच म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना कागदावर नको आहे. पाळण्यावर हवी आहे. ज्यानं केला त्याची." जगन्नाथराव म्हणाले, "मग मी करतो." बाई म्हणाल्या, "केला तुम्ही?"

मग बाईंनी लाल रंग घोटला आणि पाळण्याचे डोक्याकडील पट्टीवर आपले नाव घातले, भागीरथी, आणि वेलांटी ऐसी काढली की जणू कैरीची नक्षी. त्या दिवशी घरी गोडाचा शिरा जाहला. इतका आनंद जाहला की पाळणा पुन्हा टांगून पाहावा हे भानच राहिले नाही, आणि तैसाच तो उत्तरेस परत गेला.

मिसिर यांनी पेटी उघडली, तो पाळणा कलता तो कलताच, आणि वर लाल अक्षरे! त्यांनी फोन करून गर्जना केली की, "आपने सही नहीं किया!" जगन्नाथराव इकडून गर्जले, "किया है! लाल रंग से किया है! बड़ा किया है!" मग काय विचारावे? मिसिर उठले ते थेट आपले मुलखीच्या छोट्या तंट्यांच्या कचेरीत गेले आणि दावा गुदरला की, माल वाकडा दिला, वर काहीबाही लिहून विद्रूप केला आणि म्हाताऱ्या माणसाची थट्टा मांडली. सबब मोल परत द्यावे आणि मनस्तापाची भरपाई द्यावी. मग दक्षिणेस नोटीस आली आणि दौलतीत मसलत बसली. जगन्नाथराव म्हणाले, "वहिनी, जाऊ नका. एवढ्या लांबून कोण धरायला येतंय? नोटीस मिळालीच नाही म्हणू." बाई म्हणाल्या, "मिळाली नाही कशी म्हणू? पोस्टमनच्या कागदावर सही केली आहे मी. आणि भाऊजी, नाव माझं आहे पाळण्यावर. गेले नाही तर निकाल एकतर्फी होईल, आणि पहिल्यांदा कुठं नाव लागलं ते लबाड म्हणून लागेल." मग राव सोबत निघणार होते, परंतु ऐनवेळी कमरेत उसण भरली. सबब बाई एकट्याच निघाल्या, आणि बोचक्यात रंधा, कानस, भोक पाडायचे गिरमिट आणि पॉलिशपेपर घेऊन, आगगाडीत बसून, मजल दरमजल परमुलखी दाखल जाहल्या.

कचेरी भरली. पाळणा पुराव्यादाखल मध्ये ठेविला होता. न्यायाधीश मोठे सौम्य पुरुष होते. त्यांनी विचारले, "माताजी, मिसिरजी कहते हैं पालना सही नहीं है। आपको क्या कहना है?" बाई हात जोडून म्हणाल्या, "आहे की साहेब. डोक्याकडं बघा ना, केवढी मोठी आहे." मिसिर संतापून उठले. "देखिए हुज़ूर! फिर वही मज़ाक!" न्यायाधीशांनी त्यांस बसविले आणि पुसले, "माताजी, सही माने क्या?" तेव्हा बाईंनी टेबलावरची लेखणी उचलली आणि कागदावर नाव ओढून दाखविले. "ही. सही." मिसिर पाहतच राहिले. "अरे राम! दस्तख़त!"

मग कचेरी ऐसी हसली की पट्टेवाल्याने पोट धरिले, आणि न्यायाधीशही रुमालाआड हसले. एक भागीरथीबाई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा पडला आणि त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही माझं नाव मागितलंच नव्हतं?" बोली परकी, तरी मिसिर यांस अर्थ पोहोचला आणि ते नरमाईने म्हणाले, "पालना टेढ़ा था, बहनजी। बच्ची एक ओर लुढ़क जाती थी।" न्यायाधीश म्हणाले, "माताजी, पालना सही होना चाहिए।" बाईंनी पाळणा तुळईस टांगवून घेतला, डोळा बारीक करून पाहिले आणि सर्वांदेखत कबूल केले, "खरं आहे. कडीचं भोक सरकलं आहे. परत आला तेव्हाच दिसलं असतं, पण नाव घालायच्या आनंदात मी बघितलंच नाही. कधी कोणी मागितलं नव्हतं हो. चूक माझी." आणि बोचके सोडून तेथेच बसल्या, कडी काढली, नवे भोक पाडिले, कड घासली, आणि पाळणा सरळ जाहला.

मग राहिले लाल अक्षर. दाव्यात तेही कलम होते. न्यायाधीश काही बोलण्याआधीच बाईंनी पॉलिशपेपर घेतला आणि पट्टीवर ठेविला, आणि हात काही चालेना. डोळे भरून आले. तेव्हा मिसिर उठून आडवे आले आणि म्हणाले, "रहने दीजिए। लड़ाई टेढ़ेपन से थी, नाम से थोड़े ही थी।" आणि दावा मागे घेतला. मग आग्रह करून बाईंस घरी नेले, पुऱ्या वाढल्या, आणि नात पाळण्यात निजली ती दाखविली.

बाई परतल्या, तो रावांची उसण बरी जाहली होती. काही दिवसांनी त्यांनी पडवीत पाहिले, तो नव्या पाळण्यावर हिरव्या रंगात भागीरथी. राव म्हणाले, "वहिनी, हे काय? आता ही कोणी मागितली?" बाईंनी कुंचला थांबविला नाही. म्हणाल्या, "तिकडच्या न्यायाधीशांनीच सांगितलं भाऊजी. पालना सही होना चाहिए." राव हिंदीचे जाणकार; त्यांनी गंभीरपणे मान डोलाविली आणि म्हणाले, "कोर्टाचं म्हणणं आहे, तर करावीच लागेल."

येणेप्रमाणे तंटा मिटला. गिऱ्हाइकास सरळ पाळणा मिळाला, बाईंस नाव मिळाले, आणि तेव्हापासून त्या दौलतीतून पाळणा सहीवाचून बाहेर पडत नाही. हकिकत लिहिणाराचे नाव कागदावर नाही. त्याजकडे अद्याप कोणी मागितले नाही.