मुकादमचाचांचा मास्तरवर्ग

गॅस मास्कच्या फिल्टरचं बूच न काढताच मी मास्क चढवला, आणि श्वास आत येईनासा झाला तेव्हा मला वाटलं, आपल्याला कुंभक साधला.

सौदीतल्या जुबैलजवळच्या आमच्या कॅम्पात, टेबल टेनिसच्या खोलीत, पाच सहाध्यायांसमोर मी मांडी घालून निळा पडत चाललो होतो आणि मनात म्हणत होतो, वा, तीन आठवड्यांत काय ही प्रगती! शेवटी मुकादमचाचा उठले. त्यांनी बूच उपटलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "इंजिनेर, श्वास रोखणं वेगळं नि गुदमरणं वेगळं. वहीत लिही."

मी लिहिलं. लाल शाईने.

अब्दुल रहीम मुकादम हे आमच्या प्लँटचे स्टोअरकीपर. गाव रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. वय पंचावन्नच्या पुढे, पण पाठ अशी की शेजारी उभं राहिलं की आपण वाकडे आहोत हे आपलं आपल्यालाच कळावं. कुवेत पडल्यापासून कॅम्पातली कुटुंबं एकेक करून भारतात गेली होती. राहिलेले आम्ही पुरुष दिवसभर टीव्हीसमोर बसून जनरल लोकांना सल्ले द्यायचो. चाचा टीव्ही बघत नसत. ते श्वास मोजत.

सगळंच ते श्वासात मोजायचे. कँटीन स्टोअरपासून दीडशे श्वास. चहा उकळायला चाळीस. "अंडं उकडायला साठ श्वास," ते सांगायचे, "पण घाबरलेल्या माणसाने मोजू नये. अंडं कच्चं राहातं." त्या दिवसांत कॅम्पातली सगळी अंडी कच्ची असायची.

दुसरं वेड पाठीच्या कण्याचं. कोणी पोक काढून बसलेला दिसला की मागून जाऊन कमरेवर दोन बोटं टेकवायची. एकदा इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या ऑफिसात त्यांनी रांग सोडून खिडकीतून हात घातला आणि तिथल्या पाठमोऱ्या, जाडजूड कारकुनाच्या पाठीवर ही बोटं टेकवली. मी मनातल्या मनात आमचं सामान बांधायला घेतलं. कारकून ताठ झाला, बोलायला तोंड उघडलं, त्यातून एक लांब श्वास सोडला आणि आमच्या कागदांवर शिक्का मारून म्हणाला, "खलास." रांगेत आमच्या पुढे चाळीस माणसं होती.

पण सगळ्यांत अजब गोष्ट म्हणजे चाचा योग शिकवायचे नाहीत. ते फक्त योगाचे मास्तर तयार करायचे. स्वतः ते मिरजेला पाठीच्या दुखण्यासाठी गेले असताना एका म्हाताऱ्या मास्तरांकडून शिकले होते. "विद्यार्थी मी घेत नाय. मास्तर व्हायचं असेल तर बस," हा प्रवेशाचा नियम. त्यामुळे कॅम्पात योगाचे सहा मास्तर घडत होते आणि विद्यार्थी एकही नव्हता. शिवाय योग हा शब्द मोठ्याने उच्चारायची सोय नव्हती, कोणी विचारलंच तर "कसरत" म्हणायचं. आसनांची नावं चाचांनी स्टोअरच्या भाषेत बसवली होती. ताडासन म्हणजे उभा पाइप. पवनमुक्तासन म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. शवासन म्हणजे डेड स्टॉक.

या वर्गाचा सर्वाधिक फायदा करून घ्यायचा, असा माझा निर्धार होता. युद्ध पेटलं तर नोकरी जाणार, मग नाशिकला जाऊन योगवर्ग काढायचा, असा बेत. त्यासाठी मी दम्मामहून जांभळा ट्रॅकसूट आणला. दोनशे पानी वही घेतली. चाचा बोलले की निळी शाई, रागावले की लाल, खोकले की हिरवी. जमिनीवर सगळे सेफ्टी व्हॉल्व्ह झालेले असताना मी उठून आकृती काढत बसायचो.

"तुझी वही योगी झाली रे," चाचा म्हणाले. "तू कधी होणार?"

मास्तर होण्याची अट एकच होती. प्रत्येकाने एक घाबरलेला माणूस आणायचा, समोर बसवायचा आणि त्याचा श्वास शांत करून दाखवायचा. मी आमचा ड्रायव्हर अक्रम याला आणला. पाच मिनिटांत तो घोरायला लागला. मी विजयी मुद्रेने चाचांकडे पाहिलं.

"त्याला निजवलास. जागेपणी शांत कर."

मग मी फोनवरून बायकोवर प्रयोग केला. ती नाशिकहून ओरडली, "तिकडे क्षेपणास्त्रं पडायची वेळ आलीय आणि तुम्ही मला कुठल्या बोटाने नाकपुडी दाबायची ते सांगताय? आधी परत या!" तिचा श्वास सुरुवातीपेक्षा बराच वाढला होता, हे मी वहीत प्रामाणिकपणे नोंदवलं.

जानेवारीत युद्ध सुरू झालं आणि नोटीस बोर्डावर कागद लागला. येत्या बुधवारी प्रत्येकाची मास्कची परीक्षा. ज्याला वीस मिनिटं मास्क चेहऱ्यावर ठेवता आला नाही, तो माणूस प्लँटवर राहणार नाही. पहिल्या विमानाने घरी.

एका दिवसात चाचांच्या वर्गाचं नशीब पालटलं. मास्क घातला की माणसं धापा टाकायची, काच धुरकट व्हायची, मग ती दोन मिनिटांत मास्क ओरबाडून काढायची. केरळचे वेल्डर, हैदराबादचे फिटर, सगळे टेबल टेनिसच्या खोलीत येऊन बसले. सोंडा लावलेल्या त्या चेहऱ्यांसमोर माझे सहाध्यायी "चार मोजत आत, सहा मोजत बाहेर" म्हणत बसायचे. हात पाठीमागे बांधून चाचा मधून फिरायचे. एकेक करत पाचही जण मास्तर झाले. माझ्या समोर कोणी बसेना. निळा पडलेला माणूस म्हणून माझी ख्याती आधीच पसरली होती.

या सगळ्या गडबडीत एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. चाचांनी स्वतः एकदाही मास्क घातला नव्हता.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास मी गॅस्केट आणायला स्टोअरात गेलो. काउंटरवर कोणी नव्हतं. रॅकच्या मागे चाचा एका उलट्या खोक्यावर बसले होते. मांडीवर मास्क. बाहेर थंडी होती आणि त्यांचा सदरा घामाने भिजला होता. पाठ, चक्क, वाकलेली.

"चाचा?"

"बस, इंजिनेर. तुला घाबरलेला माणूस पाहिजे ना? हा घे."

मला वाटलं, ही माझी परीक्षा. मी वही उघडली.

"वही ठेव मेल्या!" ते म्हणाले. मग हळू आवाजात, "लहानपणी लपाछपी खेळताना भाताच्या कणगीत उतरलो होतो. भावाने वर झाकण ठेवलं नि जेवायला गेला. तेव्हापासून तोंडावर काय आलं की संपलं. म्हणून तर श्वास शिकलो. मला श्वासाची हौस नाय रे, भीती आहे."

"मग मिरजेच्या मास्तरांनी..."

"ते वारले. मला मग शिकवणार कोण? म्हटलं, आपणच मास्तर बनवू. दहा वर्षं बनवतोय. बनले की करार संपतो नि जातात घरी." त्यांनी मास्क उलटा-सुलटा केला. "आज मला पण पाठवतील. जायला काय, घर आहे. बायको गेल्यापासून कुलूप आहे त्याला. इथे निदान तुम्ही सहा गाढवं आहात."

वहीत यावर काहीच नव्हतं. मी त्यांच्यासमोर मांडी घातली आणि खाकरून म्हणालो, "चार मोजत आत..."

तेवढ्यात भोंगा वाजला. परीक्षेचा नव्हे, खरा.

शिकलेलं सगळं माझ्या डोक्यातून एका क्षणात उडालं. खांद्याला लटकवलेला माझा मास्क कसाबसा चढवला, आणि मग माझा श्वास असा सुटला की काचेपलीकडे जग दिसेना. मी उठलो, रॅकला धडकलो, बोल्टांचा एक डबा अंगावर घेतला आणि दाराकडे धावलो. कोणीतरी मला मागून कमरेला धरून खाली बसवलं. दोन हातांनी माझे दोन्ही हात पकडले. एक दाब, आत. सैल, बाहेर. एक दाब, आत. किती वेळ गेला कोण जाणे. हळूहळू काच निवळली, आणि समोर मला दुसरा मास्क दिसला. त्याच्या काचेआड चाचांचे डोळे होते. टक्क उघडे.

भोंगा थांबल्यावर लाल दाढीचा आमचा स्कॉटिश सेफ्टी ऑफिसर हजेरी घेत आला. बोल्टांच्या सड्यात हात धरून बसलेल्या आम्हा दोघांकडे त्याने पाहिलं, घड्याळ पाहिलं, म्हणाला की सव्वीस मिनिटं झाली, तुमची वेगळी परीक्षा आता कशाला? यादीत आम्हा दोघांच्या नावांपुढे बरोबरची खूण करून तो गेला.

चाचांनी मास्क काढला. मग असे हसले की रॅकमागचे पाइप घुमले.

मी संधी साधली. "म्हणजे चाचा, माझ्यासमोर घाबरलेला माणूस बसला आणि शांत झाला. मी मास्तर झालो ना?"

"तू कसला मास्तर!" चाचा डोळे पुसत म्हणाले. "तुझ्याएवढा भित्रा समोर असला, की दुसऱ्याला घाबरायला जागाच उरत नाय."