एक्केचाळीस घड्याळं आणि एक कप पाणी

ही गोष्ट तुमच्यापैकी कुणालाही खरी वाटणार नाही, पैजेवर सांगतो. पण डॉक्टरांकडे आपला नंबर लागायला अवकाश आहे, समोरचं घड्याळ तसंही चार मिनिटं मागे आहे, आणि या बाकावर बसून पोटाचा तक्ता वाचत राहण्यापेक्षा खोटी वाटणारी गोष्ट ऐकलेली बरी.

एक घड्याळजी होते. वजन एकशे बेचाळीस किलो. ते बसले की स्टूल दिसायचं नाही, आणि उठले की दोन पावलं स्टूलही बरोबर यायचं. शेवटी त्यांनी पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरांनी घागरीएवढं पोट कापून केळ्याएवढं केलं आणि बजावलं, "आता पाणी सांभाळा. दर पंधरा मिनिटांनी हा एवढासा कप, तोही चार घोटांत. दिवसाला पंचवीस कप. घाई केलीत तर मळमळेल, विसरलात तर चक्कर येईल."

घड्याळजींनी दोन्ही करून पाहिलं. आधी विसरले. मग आठवलं तेव्हा राहिलेले पाच कप एकदम प्यायले, ते पाचही आल्या पावली परत गेले. तिसऱ्या आठवड्यात जिभेचं चामडं झालं, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि स्वारी थेट सलाइनवर. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "पुन्हा असे कोरडे होऊन आलात, तर पंधरा दिवस इथून हलू देणार नाही."

घड्याळजींच्या पोटात गोळा आला. केळ्याएवढ्या पोटात तो मावला कसा, देव जाणे. त्यांना सुईची भीती नव्हती. पण खाटेसमोरचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं आणि नर्स त्याला हात लावू देत नव्हती. पंधरा दिवस ते बघत पडायचं? त्यापेक्षा मरण परवडलं!

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना बायको म्हणाली, "मोबाइलवर गजर लावून देते."

"मोबाइलचा गजर? एक्केचाळीस घड्याळांत बसणाऱ्या माणसाला? अगं, लोक तोंडात शेण घालतील!"

त्यांनी भिंतीवरचं मोठं घड्याळ दर पंधरा मिनिटांनी वाजेल असं लावलं आणि डोळ्याला भिंग लावून कामाला बसले. दहा वाजता बायकोने बघितलं, तर बाटली काठोकाठ.

"अहो, वाजलं नाही का?"

"वाजलं असतं तर प्यायलो नसतो?"

तेवढ्यात घड्याळाने असे ठोके दिले की बायको जागच्या जागी उडाली. घड्याळजींच्या हातातला चिमटाही हलला नाही. "काय गं, उचकी लागली?" त्यांनी विचारलं.

तेव्हा उलगडा झाला. तीस वर्षं घणघणाटात काढलेल्या माणसाला घड्याळाचा आवाज ऐकूच येत नव्हता. माशाला कधी पाणी ओलं लागतं का?

पण हार मानतील तर ते घड्याळजी कसले! एकाने भागत नाही तर पाच लावली. पाचाने भागेना, तर सगळी एक्केचाळीस. पावणेअकराला जो गदारोळ उठला, तो ऐकून लाकडी कोकिळा खिडकीतून डोकावली आणि न ओरडताच आत गेली. शेजारचा न्हावी कात्रीसकट धावत आला.

"घड्याळवाले, गिऱ्हाइकाची अर्धी मिशी गेली की हो!"

अकराला उरलेली अर्धीही गेली. बरंच झालं, तोंड एकसारखं दिसू लागलं. सव्वाअकराला कुणीतरी आग लागल्याचा फोन केला आणि बंब येऊन उभा राहिला.

"पाणी कुठे मारायचं?" बंबवाल्याने विचारलं.

"यांच्या तोंडात मारा," बायको म्हणाली. "पण घोट घोट!"

बंब परत गेला. बारा वाजत आले. बाटलीतले जेमतेम दोन कप संपले होते, घड्याळजींचे ओठ पांढरे पडले होते आणि हातातला स्क्रू त्यांना दोन-दोन दिसत होता. बायकोचे डोळे भरून आले. राग तरी कुणावर काढायचा? तिने शेजारच्या घड्याळाचा लंबक गच्च धरला. "गप्प बस मेल्या!"

घड्याळजींनी झटकन मान वर केली. "कोण थांबलं?"

बायकोने लंबक सोडला नाही.

"दुसऱ्या रांगेतलं, डावीकडून तिसरं. काय झालं त्याला? सोड बघू!"

"आधी कप," बायको म्हणाली.

चौथा घोट घशाखाली उतरल्यावरच तिने लंबक सोडला. मग काय! दर पंधरा मिनिटांनी ती एकेक घड्याळ थांबवायची आणि घड्याळजी मुकाट्याने कप उचलायचे. चारच्या सुमारास न्हाव्याच्या पावडरीचा वास आला आणि त्यांना मळमळून आलं. "नका पिऊ, थांबा जरा. लांब श्वास घ्या," ती म्हणाली, आणि त्यांचं पोट निवेपर्यंत लंबक हातात धरून उभी राहिली.

साडेपाच वाजले. अजून अर्धा लिटर बाकी. आणि तेव्हा, मंडळी, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस घड्याळं एकदम थांबली! पृथ्वी थांबावी तशी शांतता. घड्याळजी ताडकन उठले, बाटली तोंडाला लावली आणि ते अर्धा लिटर पाणी एका दमात...

"खोटं!"

बाकाच्या टोकाला पिशवी मांडीवर घेऊन बसलेली बाई उठून उभी राहिली.

"मिशी ऐकून घेतली, बंब ऐकून घेतला, चकार शब्द बोलले नाही. पण एका दमात? अहो, या ताईंचं परवा हेच ऑपरेशन आहे, त्या खरं धरून चालतील ना! ताई, ऐकू नका यांचं. पावणेआठपर्यंत एकेक कप पाजलाय मी, दंड भरून आला माझा. आणि स्वतः गोष्ट सांगायला बसल्यापासून एक थेंब घेतलाय का, विचारा!"

एवढं बोलून ती भिंतीपाशी गेली आणि तिने त्या चार मिनिटं मागे असलेल्या घड्याळातला सेल काढला.

"कोण थांबलं?" मी दचकून विचारलं.

"आधी कप."