झेंड्यावरचा डोंगर

"अगं, इस्त्री!" टेलरमास्तर ओरडले, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. प्रांताच्या नव्याकोऱ्या झेंड्याच्या बरोब्बर मधोमध, पांढऱ्या पट्ट्यावर, इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग! बायको फोनवर धाकट्या बहिणीशी बोलण्यात रंगली होती.

मास्तरांनी फोन हिसकावला आणि मेहुणीला सुनावलं, "पुन्हा या घरी फोन केलास तर याद राख!" बायकोनं गाल फुगवले. पण रुसवा काढायला सवड कुणाला? झेंडा न्यायला शिपाई दारात उभा. दुसरा शिवायला ना कापड, ना वेळ. सरकारी काम पहिल्यांदाच मिळालेलं. हे हातचं गेलं तर दुकानाला टाळंच. मास्तरांनी डाग आत घालून घडी घातली आणि वारा पडू दे म्हणून देवाला साकडं घातलं.

झेंडा वर चढताच वारा सुटला. असा सुटला, की डाग शेवटच्या रांगेलाही दिसावा. मास्तर मांडवाच्या खांबामागे लपले. माइकवर प्रांतप्रमुख झेंड्याचा अर्थ सांगत होते, "निळा पट्टा म्हणजे आपली नदी, हिरवा म्हणजे शेतं, आणि पांढऱ्यावर..." त्यांनी वर पाहिलं, अडखळले. पण पुढारीच ते! "पांढऱ्यावर हा डोंगर! आपला ताठ कणा!"

"पण साहेब, आपल्याकडे डोंगर कुठाय?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"म्हणून तर झेंड्यावर घेतला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या प्रांताच्या झेंड्यावर गेंडा, पलीकडच्यांच्या झेंड्यावर दीपगृह, आपल्याच नशिबी नुसते पट्टे, ही सल लोकांच्या मनात होतीच.

संध्याकाळी निरोप आला. प्रत्येक कचेरीवर असाच झेंडा हवा. तोच रंग, तीच धुरकट कड. नाहीतर काम दुसऱ्याला. मास्तर हरखून इस्त्री तापवायला बसले. पहिला डोंगर बुटासारखा आला. दुसऱ्याला भोकच पडलं.

"अगं, तूच टेकव ना."

"मी कुठं टेकवली होती? बोलता बोलता राहिली. मुद्दाम नाही हो जमायचं."

"मग लाव बहिणीला फोन!"

"ती उचलायची नाही. तुम्हीच बजावलंय ना?"

मास्तरांनी स्वतःच फोन लावला. "बाई गं, चुकलं माझं. हिच्याशी बोल जरा. सकाळी कशाबद्दल चाललं होतं तुमचं?"

"तुमच्याच तक्रारी चालल्या होत्या," मेहुणी फणकारली.

मास्तरांनी निमूटपणे फोन बायकोच्या कानाला लावला, इस्त्री तिच्या हातात दिली. "चालू द्या मग. अजून पुष्कळ कचेऱ्या बाकी आहेत."