अध्यक्षांच्या नावाची लांबी

एका जंगलात, बाळांनो, प्राणी पुष्कळ होते, पण कॉम्प्युटर एकच होता. तो साळूताईचा. साळूताई म्हणजे साळिंदर. उंबराखाली तिचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, हरवल्याच्या जाहिराती, वाढदिवसाचे फ्लेक्स, सगळं तिच्याकडे.

त्या वर्षी तळ्यात मगर आली. तिने आठवड्यात दोन डुकरं खाल्ली.

इकडे डोंगरातल्या सांबरांचा झरा आटला. त्यांचा कळप दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच तळ्यावर येणार होता. मगरीचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. कळपात वाचता यायचं ते एकट्या आजोबांना. आणि आजोबांना नीट दिसायचं नाही.

म्हणून पाणवठा समितीने फ्लेक्स लावायचं ठरवलं : 'तळ्यात मगर आहे. काठाशी जाऊ नये.'

साळूताईने अक्षरं सुटी, ठळक काढली. तेवढ्यात अध्यक्ष भालेराव अस्वल आले आणि स्क्रीनसमोर बसले.

"माझं नाव एवढंसं का?"

"मोठंच आहे, साहेब."

"या कडेपासून त्या कडेपर्यंत जाऊ दे."

साळूताईने अक्षरांमधलं अंतर वाढवलं. "बघा साहेब, वरची रेघ तुटली. दात पडल्यासारखं दिसतंय नाव."

"उपाध्यक्ष तरसाचं याहून लांब आहे का?"

"नाही."

"मग छान दिसतंय. अजून वाढव."

हे कळल्यावर चौदा सदस्यही आले. प्रत्येकाला कडेपासून कडेपर्यंत एक ओळ हवी होती. सूचनेला खालचा कोपरा उरला. साळूताईने तिची अक्षरं जवळ आणली. आणखी जवळ आणली. शेवटी ती एकमेकांवर चढली. मुंग्यांनी गर्दी केल्यासारखी दिसायला लागली.

"साहेब, आजोबांना हे वाचता यायचं नाही."

"मगर आहे हे त्यांना आपोआप कळेल, साळूबाई. फ्लेक्स कोणी लावला, ते कसं कळणार?"

साळूताईने प्रिंटचं बटण दाबलं. दुकानाची जागा समितीचीच होती.

सकाळी फ्लेक्स लागला. सिंहमहाराज पलीकडच्या काठावर बसत, म्हणून फ्लेक्सचं तोंड पाण्याकडे केलं होतं. भालेराव स्वतःचं नाव बघायला समोर उभे राहिले. जवळून नुसता 'भा' दिसला. ते एक पाऊल मागे सरले. 'भाले' दिसलं. अजून एक पाऊल. 'भालेरा'.

आता फक्त 'व' राहिला होता.

डुबुक.

सांबरांचा कळप त्याच वेळी बाजूच्या वाटेने उतरत होता. सगळे थांबले. पाण्यावर बुडबुडे आले, मग तेही थांबले.

"आजोबा, फलकावर काय लिहिलंय?" एका तरुण सांबराने विचारलं.

आजोबांनी डोळे बारीक केले. "मला एकही अक्षर दिसत नाही, बाबा. पण समजलं. फिरा मागे. ओढ्याला डबकं असेल, ते बघू."

सबंध कळप वाचला. एक पाडसही कमी झालं नाही.

तात्पर्य : मुलांनो, अध्यक्षांना आपलं नाव हवं तेवढं लांब करू द्यावं. त्यांना अडवू नये. त्यातच समाजाचं हित असतं.