उलटा का करायचा?

मुलांना शिकवायला शिकण्यासाठी मुलांची गरज नसते, हे आता सर्वमान्य झालं आहे. मुलं वेळेवर गप्प बसत नाहीत, मध्येच पाणी प्यायला जातात, आणि मुख्य म्हणजे त्यांना प्रश्न पडतात. म्हणून अंधेरीच्या त्या बी.एड. कॉलेजात भावी शिक्षक आधी एकमेकांनाच शिकवतात. एक जण शिक्षक होतो, दहा जण मुलं होतात आणि सहा मिनिटांत ज्ञानदान उरकून सगळे कॅन्टीनमध्ये जातात.

गंधालीच्या बॅचपासून यात एक स्तुत्य सुधारणा झाली. वर्ग विविधतापूर्ण असावा असं वरून कळवण्यात आलं आणि विभागप्रमुख शर्मिष्ठा मॅडमनी विविधता तातडीने उपलब्ध करून दिली. पुठ्ठ्याचे बिल्ले तयार झाले: ‘हुशार’, ‘संथ’, ‘खोडकर’, ‘घरची भाषा वेगळी’, ‘पालक मासळीच्या धंद्यात’ वगैरे. वाटप चिठ्ठ्या टाकून झालं (वशिल्याला वाव नको). मासळीचा बिल्ला कृणालला मिळाला, ज्याच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. हेमांगीची आई रोज वर्सोव्याच्या बाजारात मासळी विकते. तिच्या वाट्याला ‘हुशार’ आलं.

“अरे, बदलूया का?” हेमांगीने विचारलं.

“नको यार, मॅडमनी नावं लिहून घेतलीत,” कृणाल म्हणाला आणि सत्रभर मन लावून कोळ्याचा मुलगा झाला.

एवढ्या विविधतेतही शिस्त बिघडली नाही. पाठाच्या शेवटी शिक्षक “समजलं का?” विचारी आणि सगळा वर्ग एका सुरात “होऽऽ” म्हणे. ‘संथ’ बिल्लेवालासुद्धा म्हणे, फक्त किंचित उशिरा.

अशी कसून तयारी झाल्यावर गंधालीला अंतिम पाठासाठी वर्सोव्याच्या एका शाळेत सहावीच्या वर्गावर पाठवण्यात आलं. पाठ पास झाला तर जूनपासून बोरिवलीच्या शाळेत नोकरी पक्की होती. बाबा निवृत्त झालेले, भाऊ अजून शिकत असलेला, तेव्हा या पाठाकडे सगळं घर डोळे लावून बसलं होतं. शर्मिष्ठा मॅडम शेवटच्या बाकावर गुण द्यायला बसल्या. वर्गातल्या एकाही मुलाच्या छातीवर बिल्ला नव्हता, त्यामुळे गंधालीला सुरुवातीला जरा चाचपडायला झालं.

विषय होता अपूर्णांकांचा भागाकार. थर्माकोलचा पिझ्झा दाखवून झाला. मग तिने नियम सांगितला: पहिल्या अपूर्णांकाला हात लावायचा नाही, दुसरा उलटा करायचा आणि गुणायचं. फळ्यावर उदाहरणं झकास सुटली.

“समजलं का?”

“होऽऽ,” वर्ग म्हणाला.

“नाही,” तिसऱ्या बाकावरची सपना म्हणाली.

पाठाच्या आराखड्यात यानंतर थेट गृहपाठ होता.

“काय नाही समजलं, बाळा?”

“उलटा का करायचा?”

गंधालीने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्यालाही माहीत नाही. सहावीपासून ती अपूर्णांक उलटे करत आली होती. त्यावर तिला दहावीला गणितात शहाण्णव मिळाले होते. का उलटा, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, कारण तिने विचारलं नव्हतं. तिने “होऽऽ” म्हटलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने आशेने मॅडमकडे पाहिलं. मॅडम गणित विषयाच्याच. त्या डोक्यावरच्या पंख्याचं बारकाईने निरीक्षण करत होत्या.

गंधालीच्या हातातला खडू मोडला. बोरिवली दूर जाताना तिला स्पष्ट दिसली.

सपनाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मागे मॅडमकडे पाहिलं, आणि म्हणाली, “समजलं, टीचर. आत्ता समजलं.”

“होऽऽ,” वर्गाने दुजोरा दिला.

मॅडमनी शेरा लिहिला: ‘भिन्न गरजांच्या विद्यार्थ्यांना सामावून घेण्याचे कौशल्य: उत्कृष्ट.’ (कोणी कोणाला सामावून घेतलं, याची नोंद करण्याची सोय नव्हती.)

तास सुटल्यावर गंधालीने सपनाला दारात गाठलं. “खरंच समजलं का गं?”

“नाही ना. पण तुमचा चेहरा एवढुसा झाला होता.” सपनाने दप्तर पाठीला लावलं. “टेन्शन नका घेऊ, टीचर. गेल्या वर्षीच्या टीचरना पण आम्हीच पास केलं. फक्त उलटा का करायचा ते कळलं, तर मला सांगा हां.”

जूनमध्ये गंधाली बोरिवलीला रुजू झाली. रोज तासाच्या शेवटी “समजलं का?” विचारताना ती आधी तिसऱ्या बाकाकडे बघते. पण अजून कोणी नाही म्हटलेलं नाही. बोरिवलीची मुलं फार समंजस आहेत. सपनाला काय सांगायचं, हे मात्र राहूनच गेलं आहे.

वाचकहो, सहावी तर तुम्हीही पास झाला आहात. दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा, हे तुम्हाला तेव्हा समजलं होतं ना?

छान. मग वर्सोव्याला जाऊन तेवढं सांगून या. सपना तिसऱ्या बाकावर बसते.