चार ट्रॉल्या मुरूम

प्रेमदास थूल यांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नाही, आणि नेमकं ते पत्र सरकारी होतं.

जूनच्या शेवटी ते मांडवखेडच्या प्राथमिक शाळेत आलं. मुख्याध्यापिका रंजिताबाईंनी ते स्वतः प्रेमदासजींच्या घरी आणून दिलं. प्रेमदासजी एका कॉलेजात तेहतीस वर्षं ग्रंथपाल होते. आता शाळा व्यवस्थापन समितीवर शिक्षणप्रेमी सदस्य म्हणून होते. ज्या माणसाने जन्मभर पुस्तकं सांभाळली त्याच्या घरी वाक्यं तयारच असतील, असा गावाचा समज होता.

"सर, चारच ओळी लिहायच्या," रंजिताबाई म्हणाल्या. "तालुक्याच्या ऑफिसनं विचारलंय, खेळासाठी शाळेला काय पाहिजे. काय पाहिजे ते तर आपल्याला माहीतच आहे."

माहीत होतंच. शाळेचं मैदान म्हणजे कपाशीची काळी माती. पावसाळ्यात पोरगं धावलं की चप्पल मागे राही आणि पोरगं पुढे जाई. खो-खोत खाली बसलेल्याला 'खो' मिळाला तरी उठता येत नसे. त्याला उपटून काढायला दोघं लागत. उन्हाळ्यात त्याच जमिनीला अशा भेगा पडत, की आत गेलेला चेंडू पुन्हा कुणाला दिसला नव्हता. म्हणून पाहिजे होता मुरूम. चार ट्रॉल्या मुरूम, खो-खोचे दोन खांब आणि आखायला चुना. बस, एवढंच.

प्रेमदासजी त्याच दुपारी लिहायला बसले. पहिल्या खर्ड्यात त्यांनी 'मैदान' लिहिलं. मग वाटलं, शाळा आणि खिचडीच्या शेडमधल्या त्या तुकड्याला मैदान म्हणणं खोटं होईल. दुसऱ्या खर्ड्यात 'मोकळी जागा' केलं. मग वाटलं, मोकळी आहे म्हटल्यावर साहेब तिथे काहीतरी बांधून टाकतील. सातवा खर्डा व्यायामाचं महत्त्व सांगत तीन पानांवर गेला. अकरावा एका ओळीचा झाला, तो त्यांना उद्धट वाटला. मुदत आठ दिवसांची होती. नवव्या दिवशी त्यांनी ते सरकारी पत्र हातातल्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलं आणि पुस्तक मिटलं.

"सर, पाठवलं ना?" रंजिताबाईंनी रस्त्यात विचारलं.

प्रेमदासजींनी मान हलवली. ती मान अशी हलायची, की होकार पाहिजे त्याला होकार दिसावा आणि नकार पाहिजे त्याला नकार. बाईंना होकार पाहिजे होता.

पत्राच्या तळाशी मात्र एक ओळ होती. 'मुदतीत उत्तर न आल्यास प्रमाण क्रीडासंच आपणांस मान्य आहे असे गृहीत धरण्यात येईल.'

दिवाळीची सुट्टी संपली आणि शाळेसमोर ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हरनं मागचा फाळका पाडला आणि एकेक नग खाली उतरवायला लागला. बास्केटबॉलचे दोन लोखंडी खांब, दहा दहा फुटांचे. आठ हर्डल. तीन भाले. एका पेटीत लोखंडी गोळे, मोठ्या माणसांनी फेकायचे. शाळेत पोरं एकतीस, पहिली ते चौथी. पहिलीतलं सगळ्यात बुटकं पोरगं हर्डलजवळ नेऊन उभं केलं, तर ते न वाकता खालून निघून गेलं.

"आन् मुरूम?" शालूनं विचारलं. शालू समितीची अध्यक्ष. भाजीची शेती करायची, आठवड्यातून दोनदा ट्रॅक्टर घेऊन देवळीच्या बाजारात जायची, आणि तिथल्या दलालांशी बोलून बोलून तिचा आवाज एकाच पट्टीत पक्का झाला होता.

"मुरूम लिस्टमधी नाई," ड्रायव्हर म्हणाला. "सही करा."

"पाह्यलं का!" शालू जमलेल्या गावाकडे वळली. "आपल्या सरांनी एवढं चांगलं पत्र लिवलं, आन् त्याइनं वाचलंच नाई! मुरूम मांगतलं तं भाले धाडले!"

"शालू, ते पत्र मी..." प्रेमदासजी मागून म्हणाले.

"तेच तं! तुमी येवढे शिकलेले, तुमच्या पत्राची हे कदर?"

गाव चिडलं. ज्यांनी ते पत्र पाहिलं नव्हतं, म्हणजे सगळ्यांनीच, त्यांना ते पाठ असल्यासारखं वाटायला लागलं. पानाच्या टपरीवर एकानं सांगितलं, की त्यात शेवटी तर सरांनी असं काही लिहिलं होतं, की दगडाच्या डोळ्यांत पाणी यावं.

पुढचं संकट रंजिताबाईंचं होतं. सामान रजिस्टरवर चढलं. एक हर्डल जरी वाकला तरी भरपाई त्यांच्या पगारातून. त्यांनी सगळा संच तिसरी-चौथीच्या खोलीत ठेवला आणि कुलूप लावलं. तिसरी-चौथी व्हरांड्यात आली. व्हरांड्यात पोरं खो-खोचा सराव करायची, कारण गावात कोरडी आणि सपाट अशी तेवढी एकच जागा होती. म्हणजे खेळाचं सामान आलं आणि शाळेतला खेळ बंद झाला.

"आबा," प्रेमदासजींची नात गुंजन जेवताना म्हणाली. ती चौथीत होती आणि खो-खोच्या संघाची कप्तान होती. "स्पर्धा पंधरा दिवसांवर आल्या. आमी खेळावं कुठं? भाल्यावर?"

 ती उठून गेल्यावर प्रेमदासजींनी बायकोला सगळं सांगितलं.

"अवो, मंग सांगून टाका ना गावाले," सुलोचनाबाई म्हणाल्या. "राहून गेलं म्हणा."

"राहून कुठं गेलं? अकरा वेळा लिहिलं."

"मंग त्यातलं एखादं पोस्टात टाकाचं होतं."

एवढं साधं उत्तर तेहतीस वर्षांच्या ग्रंथालयात त्यांना कधी सापडलं नव्हतं.

समितीची सभा भरली. प्रेमदासजी कबुली द्यायची म्हणून पहिल्या रांगेत बसले. ते खाकरले. शालू म्हणाली, "थांबा, सर बोलून राह्यले." चाळीस डोकी वळली. प्रेमदासजींनी पाणी मागितलं. पाणी येईपर्यंत ठराव झाला होता: सगळं सामान ट्रॉलीत भरून तालुक्याच्या ऑफिसात परत न्यायचं आणि पत्राचा जाब विचारायचा. सोबत पत्र लिहिणारे सर पाहिजेतच.

"मी सरकारी नोकरीत आहे," रंजिताबाई हळूच म्हणाल्या. "मला यातलं काही माहीत नाही. पण उद्या अकराला मी पोषण आहार चाखायला शेडमध्ये जाते. चाखायला मला अर्धा तास लागतो. चावी टेबलावर असते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिचडी पाऊण तास चाखली.

ट्रॉली निघाली. पुढे शालू, मागे बास्केटबॉलच्या खांबांमध्ये गावातली आठ-दहा माणसं, आणि गोळ्यांच्या पेटीवर प्रेमदासजी. त्यांच्या खिशात मूळ पत्र होतं. रस्ताभर ते मनात एकच वाक्य जुळवत होते आणि प्रत्येक खड्ड्यात ते मोडत होतं.

ऑफिसात साहेब दौऱ्यावर होते. आवक-जावक पाहणारे ताराचंदबाबू टेबलाशी होते. टेबलाखाली खताचं एक रिकामं पोतं होतं. म्हणजे खत नव्हतं, बाकी ते भरलेलंच होतं.

"काय आणलं जी हे?" ट्रॉली पाहून बाबू उभे राहिले.

"तुमचंच आहे. मोजून घ्या," शालू म्हणाली.

"परत घेता येत नाई. आपल्याकडं देयाचं रजिस्टर आहे, घेयाचं नाई."

"मंग आवकाचं काढा. आमच्या सरांनी जुलैत पत्र धाडलं होतं, मुरूम पाह्यजे म्हनून. काऊन नाई वाचलं?"

बाबूंनी रजिस्टर उघडलं. बोट वरून खाली गेलं, पान उलटलं, पुन्हा खाली गेलं. "नाई दिसून राह्यलं."

"दिसन कसं? एवढे भाले दिसले तुमाले, आन् एक पत्र दिसलं नाई?" शालूचा आवाज बाजाराच्या पट्टीत गेला. शेजारच्या खोल्यांतली माणसं दारात आली.

ताराचंदबाबूंची नजर टेबलाखालच्या पोत्याकडे गेली आणि चटकन परत आली.  "थांबा जी. आलं असन. आलंच आहे." त्यांनी पेन काढलं. दोन नोंदींच्या मध्ये थोडी जागा शोधली आणि एकदम आदबीनं प्रेमदासजींकडे पाहिलं. "सर, तीन जुलै टाकू? चालन ना?"

प्रेमदासजींची मान सवयीप्रमाणे हलायला लागली. अर्ध्यावर तिला कळलं, की आता ती हलली तर तिचा होकारच होणार आहे, आणि तोही शाईत. ती थांबली.

"नाही," ते म्हणाले. "पत्र आलं नाही. मी ते पाठवलंच नाही."



"पाठवलंच नाई?" शालूनं विचारलं.

"नाही. लिहिलं. पण पाठवलं नाही."

"मायबाई! मंग माया विहिरीतून निंगालेला मुरूम मी पाच महिने काऊन राखून ठेवला? चांगला ढीगच्या ढीग पडून आहे वावराच्या धुऱ्यावर. म्हटलं, सरांनी पत्र देलं आहे, सरकारचा येते, तं आपला कायले टाकाचा!"

गावकरी एकमेकांकडे पाहायला लागले. ताराचंदबाबूंच्या अंगात मात्र जीव आला. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, रजिस्टर मिटलं आणि आवाज चढवला. "मंग झालं तं! चूक तुमची. आन् येऊन राह्यले आमच्यावर! उत्तर नाई म्हणजे मंजूर, पत्रातच लिवलं आहे. उचला सामान!" आणि त्यांनी खुर्ची इतक्या रुबाबात मागे सारली, की तिचा पाय पोत्यात अडकला. पोतं आडवं झालं. लिफाफे फरशीवर घरंगळत गेले.

शालूनं एक उचलला. दुसरा उचलला. सगळ्यांवर आजूबाजूच्या गावांच्या शाळांचे शिक्के. एकही फोडलेला नाही.

"बाबू, ह्या शाळाइनं तं उत्तर देलं होतं," ती सावकाश म्हणाली. "ह्याइले काय धाडलं?"

बाबू काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं बोला जी."

"हेच."

"हेच म्हणजे?"

"दोन खांब... आठ हर्डल..."

प्रेमदासजी वाकले. गुडघ्यांचा आवाज झाला. एक लिफाफा उचलून त्यांनी हातात धरला. पत्ता सुवाच्य होता. कुणीतरी पट्टी ठेवून लिहिला होता. ट्रक आल्यापासून त्यांना नीट जेवण गेलं नव्हतं. एकतीस पोरांचा खेळ आपल्या भिडस्तपणानं बंद केला, असं ते रोज स्वतःला सांगत होते. आणि इथे लिहिणारे आणि न लिहिणारे, सगळे एकाच पोत्यात.

"बाबूजी," ते म्हणाले.  "मी लहानपणापासून फार बोलत नाही. पण मी गप्प बसलो म्हणजे मला मान्य आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं? माझ्या गप्प बसण्यात अकरा उत्तरं होती. ह्यांनी तर तिकिटं लावून पाठवली. तुम्ही विचारलं, काय पाहिजे, आणि पाकीट फोडायच्या आधी ट्रक भरला. मग विचारलं कशाला?"

"मले काऊन म्हणता जी? मी तं फक्त आवक पाह्यतो."

"पाहिली असती तर हे पोतं भरलंच नसतं."

शालूनं प्रेमदासजींकडे एकदा नीट पाहिलं. मग दाराशी जाऊन ओरडली, "उतरवा रे सामान!"

बास्केटबॉलचे खांब साहेबांच्या दाराच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. भाले नोटीस बोर्डाखाली टेकले. हर्डल व्हरांड्यात एकामागे एक लागले, नियमाप्रमाणे अंतर सोडून. ताराचंदबाबू "अवो, रस्ता सोडा, रस्ता!" म्हणत धावले, पहिला हर्डल ओलांडायला गेले आणि एक पाय अलीकडे, एक पलीकडे असे अडकले. त्या सामानाचा तालुक्यात झालेला तो पहिला वापर.

"जे काई असन ते लेखी द्या!" ते तिथूनच म्हणाले. "आन् हातोहात घेता येत नाई. पोस्टानं धाडा. नियम आहे."

"हो, पोस्टानंच," प्रेमदासजी म्हणाले.

ते गोळ्यांच्या पेटीवर बसले. शालूनं समोरच्या दुकानातून कागद, पाकीट आणि तिकीट आणलं. त्यांनी एकदाच लिहिलं, खाडाखोड न करता:

'महोदय, आपले जूनचे पत्र मिळाले. उत्तराला पाच महिने लागले, ही चूक माझी. आलेली उत्तरे न वाचता सामान पाठवले, ही आपली. संच परत केला आहे. तो आपल्या व्हरांड्यात आहे. आम्हाला चार ट्रॉल्या मुरूम, खो-खोचे दोन खांब आणि चुना पाहिजे होता. स्पर्धा जवळ आल्याने मुरूम आमचा आम्ही आजच टाकत आहोत. खांब आणि चुना आम्ही विकत घेऊ आणि बिल आपणांस पाठवू. आठ दिवसांत उत्तर न आल्यास हे आपणांस मान्य आहे असे गृहीत धरण्यात येईल.'

"वाचा, वाचा," शालू म्हणाली. त्यांनी वाचलं. शेवटच्या ओळीला ती ट्रॉलीला धरून हसली. मग पदराला डोळे पुसून म्हणाली, "एवढंच लिवाचं होतं तं पाच महिने काय केलं जी?"

"एवढंच आहे हे समजायला लागले."

फाटकाशी, अगदी ऑफिसच्या भिंतीवर, टपालाची लाल पेटी होती. प्रेमदासजींनी पाकिटात मूळ पत्रही घातलं. आता पुस्तकात खूण ठेवायला दुसरा कागद पाहावा लागणार होता. पाकीट पेटीच्या तोंडाशी नेलं आणि हात थांबला. 'आपणांस' बरं, की 'आपल्याला'?

"सर," शालू ट्रॅक्टरवरून ओरडली, "बारावा खर्डा नका करू! मुरूम भराचा आहे. पोरं वाट पाहून राह्यली."

त्यांनी पाकीट सोडलं. आत पडल्याचा आवाज झाला. तसा तो फार मोठा नव्हता, पण हर्डलवर अडकलेल्या ताराचंदबाबूंनी मान वर करून पाहिलं.